भुलीतले पाच तास कुठे गेले? (बौद्ध दर्शनातलं चित्त आणि काळ)

सुरंगी :
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी रत्नागिरीला माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. आत नेलं तेव्हा समोरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, ताई काहीतरी आवडीचं आठवा, म्हणून मी आमच्या दारातली सुरंगी आठवायला घेतली, मार्चमध्ये फांद्या कशा गच्च लगडतात ते, आणि झाड पुरतं डोळ्यासमोर यायच्या आत कोणीतरी गालावर थोपटून म्हणालं, झालं हो, डोळे उघडा. घड्याळात साडेतीन. मधे काही नाही. काळोखसुद्धा नाही. झोपून उठलं की कमीजास्त का होईना पण वेळ गेल्याचं अंगाला कळतं ना, तोंड सुकलेलं असतं, कूस बदललेली असते, इथे तसलं काही नाही, जणू साडेदहाला साडेतीन शिवून टाकलेत आणि मधला कपडा कापून फेकलाय.

मी वर्षभर ऑनलाईन पालीच्या वर्गाला बसते. तिथे शिकवलं की चित्त ही एक वस्तू नाही, प्रवाह आहे, एक चित्त उपजतं, विझतं आणि विझताना पुढच्याला कारण होतं, मधे कोणी 'मी' बसलेला नाही. हे मला पटतं, मनापासून पटतं. पण मग माझ्या त्या पाच तासांत चित्तच नव्हतं तर साडेदहाच्या चित्ताने हात कोणाला दिला? आणि साडेतीनला जे उपजलं त्याला सुरंगीचं झाड आठवत कसं होतं? अंथरुणात पडल्या पडल्या महिनाभर हाच विचार. कोणाला सांगायला जावं तर म्हणतात भुलीचा परिणाम असेल, जाईल. मला तो जायला नकोय, मला तो समजायला हवाय.

ओटी_नाईटड्युटी :
ताई आधी तब्येतीची काळजी घ्या, वाकून काही उचलू नका. मी भूल विभागातच काम करतो म्हणून लिहितोय, तत्त्वज्ञान माझा प्रांत नाही.

भूल म्हणजे गाढ झोप हे आम्ही पेशंटला समजावताना म्हणतो पण ते खरं नाही. झोपलेल्याला हलवलं तर उठतो, भुलीतला उठत नाही, त्वचेवर सुरी चालली तरी नाही. शिरेतून दुधासारखं पांढरं औषध देतात ते प्रोपोफॉल, त्याने मेंदू बंद पडत नाही, मेंदूचे भाग एकमेकांशी जे बोलत असतात ते बोलणं तुटतं. मेंदूच्या विजेचा आलेख काढला तर लाटा दिसतात, फक्त त्या जागेपणीच्या नसतात. आणखी एक गोष्ट, पुष्कळदा आधी मिडॅझोलॅम नावाचं औषध देतात, त्याने माणूस जागा असतो, बोलतो, पण त्या वेळचं नंतर काही आठवत नाही. शुद्धीवर येतानाही तसंच होतं. म्हणजे तुमचे जे पाच तास आहेत ते न आठवणारे पाच तास आहेत, खऱ्या भुलीचे तास त्याहून कमी भरतील. हे दोन वेगळे हिशोब आहेत एवढंच लक्षात आणून द्यायचं होतं.

खाडीपलीकडे :
सुरंगीताई, सुंदर धागा. तुम्ही जे विचारलंत त्यावर दीड हजार वर्षांमागे मोठमोठे आचार्य एकमेकांशी भांडलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न भुलीचा परिणाम वगैरे काही नाही. जरा लांबण लागेल, तुकड्यातुकड्याने टंकतो.

त्यांच्याकडे भूल नव्हती पण निरोधसमापत्ती होती. ध्यानाची अशी अवस्था की जिथे वेदना (म्हणजे सुखदुःखाचा अनुभव) आणि संज्ञा (म्हणजे वस्तूची ओळख) दोन्ही थांबतात, जास्तीत जास्त सात दिवस. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात महावेदल्ल सुत्त आहे त्यात सरळ विचारलंय की असा भिक्षू आणि मेलेला माणूस यात फरक काय? उत्तर असं की निरोधातल्याचं आयुष्य संपलेलं नसतं, अंगातली ऊब गेलेली नसते, इंद्रियं मोडलेली नसतात. छान. पण मग सात दिवसांनी चित्त पुन्हा चालू होतं ते कशातून? तुमचाच प्रश्न.

झोपेपुरतं थेरवादाचं, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेचं, उत्तर सोपं आहे, भवंग. विषय नसतो तेव्हा चित्ताचा एक खालचा प्रवाह चालू राहतो. त्यावर आंब्याचा दृष्टांत आहे जो आपल्याकडच्या माणसाला वेगळा समजवायची गरजच नाही. माणूस आंब्याखाली झोपलाय, वाऱ्याने फळ पडतं, आवाजाने तो जागा होतो, बघतो, हातात घेतो, दाबतो, वास घेतो, खातो, गिळतो, परत झोपतो. एका दृश्याची नोंद व्हायला जी चित्तं एकामागून एक येऊन जातात ती तशीच. पहिली तीन भवंगाची, मग वळणारं, मग बघणारं, स्वीकारणारं, तपासणारं, ठरवणारं, मग सात 'जवन' म्हणजे खरं खाणं, तिथेच कर्म घडतं, आणि शेवटी दोन नुसती चव रेंगाळणारी. एकूण सतरा. आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी अभिधम्मत्थसंगहावर, म्हणजे अभिधम्म या चित्ताच्या शास्त्राच्या सारग्रंथावर, पालीत नवनीत टीका लिहिली, मी ती चाळत चाळतच शिकलो.

पण भूल ही झोप नव्हे असं वर ओटी यांनी सांगितलंच आहे. तेव्हा भवंगावर भागत नाही. उरलेलं जेवून लिहितो.

अनुस्मृती :
खाडीपलीकडे सरांचं पुढचं येईलच, पण मधे माझी शंका नोंदवून ठेवतो. क्षणाक्षणाला चित्त नवं असेल तर 'ज्या मी सुरंगी आठवली तोच मी जागा झालो' हे म्हणणार कोण? वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रात क्षणिकवादाला, म्हणजे सगळं क्षणभरच टिकतं या मताला, उत्तर देणारं सूत्रच आहे, 'अनुस्मृतेश्च', आणि शंकराचार्यांचं भाष्य स्पष्ट आहे की पाहणारा आणि आठवणारा एक नसेल तर आठवण शक्य नाही, एकाने पाहिलेलं दुसरा आठवत नसतो. माझा आयडी त्यावरूनच घेतलाय. शिवाय गाढ झोपेतून उठून आपण म्हणतो की सुखाने झोपलो, काही कळलं नाही. काही कळलं नाही हे ज्याला कळलं तो साक्षी मधे होताच ना?

सुरंगी :
अनुस्मृतीदादा, झोपेबद्दल तुमचं म्हणणं समजतं. पण मी जागी झाले तेव्हा 'सुखाने' नव्हतं आणि 'काही कळलं नाही' हेही नव्हतं. घड्याळ पाहिलं म्हणून कळलं. घड्याळ नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की अजून साडेदहाच वाजलेत. साक्षी होता तर त्याने पाच तासांची साक्ष द्यायला हवी होती.

खाडीपलीकडे :
आता पुढचं. आणि इथेच चित्ताचा प्रश्न काळाच्या प्रश्नात मिसळतो म्हणून हा भाग मला फार आवडतो.

बौद्धांतलेच काश्मीरकडचे सर्वास्तिवादी म्हणाले, अडचण कसली, भूतकाळ आहेच की. गेलेली गोष्ट नष्ट होत नाही, तिचं काम थांबतं फक्त. त्यामुळे साडेदहाचं चित्त भूतकाळात का असेना, आहे, आणि साडेतीनच्या चित्ताला तेच थेट कारण. याला समनंतर प्रत्यय म्हणतात, त्यातल्या 'अनंतर'चा अर्थ मधे दुसरं चित्त नाही एवढाच, मधे वेळ किती गेला ते मोजायचंच नाही. ताई, तुम्ही शिवणीचं लिहिलंत ना, साडेदहाला साडेतीन जोडलेत म्हणून, ते नेमकं यांचं मत आहे. वस्तू तीच राहून भूत-भविष्य कशी होते यावर त्यांच्यातल्या वसुमित्रांचा दृष्टांत आहे, मोजायची गोटी एककाच्या घरात ठेवली की एक, शतकाच्या घरात ठेवली की शंभर, गोटी तीच.

सौत्रांतिक हा दुसरा बौद्ध पंथ, त्यांना हे अजिबात मान्य नाही. गेलं ते गेलं, नसलेली गोष्ट कारण कशी होणार. मग चित्त परत येतं कुठून? तर शरीरातून. चित्त आणि इंद्रियांसकट काया ही दोघं एकमेकांची बीजं सांभाळतात, चित्त थांबलं तरी त्याचं बी शरीरात राहतं. आचार्य वसुबंधूंनी आपल्या अभिधर्मकोश या ग्रंथात हे पूर्वाचार्यांचं मत म्हणून दिलंय.

आणि तिसरा पंथ योगाचार. तेच वसुबंधू त्रिंशिका या दुसऱ्या ग्रंथात लिहितात की मनोविज्ञान (इथे विज्ञान म्हणजे जाणीव, मनाची जाणीव) कायम असतं, अपवाद काही अवस्थांचा, आणि त्या अवस्थांत निरोधाबरोबर गाढ झोप आणि मूर्च्छा ही दोन नावं आहेत. मूर्च्छा! तुमची भूल तिथे बसते. त्या वेळी वरची विज्ञानं थांबतात पण तळाचं आलयविज्ञान पाण्याच्या लोंढ्यासारखं वाहत असतं, सगळी बीजं त्यात. लंकावतार सूत्रात तर समुद्र आणि लाटा असाच दृष्टांत आहे, वारा पडला की लाटा नाहीत, समुद्र आहे.

माझं मत विचाराल तर परंपरेने पुढे आलय उचलून धरलं तरी मला त्या सौत्रांतिकांचं म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं. आलय म्हटलं की हळूच आत्मा मागच्या दाराने येतो की काय अशी धास्ती राहते, खुद्द त्या परंपरेतही ती होती. शरीर बी सांभाळतं म्हटलं की निदान ऊब हाताला लागते.

अनुस्मृतीजी, आठवणीवर बौद्धांचं उत्तर असं की आठवायला एकच मालक लागत नाही, एकच परंपरा लागते. मी पाहिलेलं तुम्हाला आठवत नाही कारण माझ्या चित्ताची साखळी तुमच्या चित्ताला कारण नाही. आंब्याच्या कोयीतून झाड होतं, फळात गोडी येते, त्यासाठी कोय फळापर्यंत टिकावी लागत नाही. तुम्हाला हे पुरणार नाही हे माहीत आहे, बौद्धांशी वाद घालणाऱ्या न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनाही पुरलं नाही, पण आठवणीने आत्मा सिद्धच होतो असं मात्र राहत नाही.

तांडेल :
मी हर्णैचा. शिकलेला कमी, पण हा धागा रात्री दोनदा वाचला. एक विचारतो. ताई, तुमच्या ऑपरेशनची तिथी कुठली होती?

सुरंगी :
षष्ठी होती, वद्य. सासूबाईंनी कॅलेंडरवर खूण केली होती म्हणून सांगता येतंय.

तांडेल :
मग बघा. आमच्यात हिशोब असा आहे, तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. षष्ठीची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला पूर्ण भरती, तिच्याआधी सहा तास धरले तर साडेदहाला पुरी ओहोटी. तुम्हाला आत नेलं तेव्हा पाणी तळाला होतं आणि डोळे उघडलात तेव्हा तासाभराची भरती बाकी. दुसऱ्या दिवशी हेच सगळं पाऊण तास पुढे.

सांगायचा मुद्दा हा की आमच्याकडे वेळ अशी वेगळी कधी नव्हतीच. बाबा कधी 'चार वाजता बोट काढू' बोलले नाहीत, पाणी अर्ध्यावर आलं की काढू असं बोलायचे. पाणी चढतं उतरतं त्यालाच वेळ म्हणतो. पाणीच नसतं तर वेळ कसली मोजणार. तुमच्या आत पाणी थांबलं होतं तर तुमचे पाच तास गेले कुठे हा प्रश्न कसा येतो? ते तास समुद्राचे होते, तुमचे नव्हते. चुकत असेन तर सांगा.

खाडीपलीकडे :
तांडेल, चुकत नाही, तुम्ही अभिधम्म बोलताय. वैशेषिक दर्शनवाले काळाला द्रव्य मानतात, स्वतंत्र पदार्थ, भांडं जसं. थेरवादाची अट्ठकथा, म्हणजे पाली टीका, म्हणते काळ ही प्रज्ञप्ती आहे, व्यवहारासाठी दिलेलं नाव, धर्म (म्हणजे अनुभवाचे मूळ घटक) उपजतात विझतात त्यावरून बेतलेलं. आणि आचार्य नागार्जुन आपल्या मध्यमककारिका या ग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात, सहाच कारिका म्हणजे श्लोक आहेत, याच्याही पुढे जातात. ते म्हणतात काळ जर वस्तूच्या आधाराने असेल तर वस्तूवाचून तो कुठला, आणि स्वतःच्या जोरावर उभी अशी वस्तू तर एकही नाही, मग काळ कसा असेल. तुमच्या बाबांनी पाण्यावर वेळ टेकवली, नागार्जुन विचारतात पाणी कशावर टेकलंय. चंद्रावर म्हणाल तर चंद्र कशावर.

ओटी_नाईटड्युटी :
सर एक विचारू का, क्षण क्षण म्हणताय तर तो केवढा? आम्हाला माप लागतं.

खाडीपलीकडे :
अभिधर्मकोशात माप दिलंय. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा लव, ३० लवांचा मुहूर्त, ३० मुहूर्तांचा दिवसरात्र. गुणाकार करा, दिवसाचे ६४ लाख ८० हजार क्षण, म्हणजे सेकंदाचे ७५. थेरवादी अट्ठकथा मात्र चुटकी वाजते तेवढ्यात चित्तं लाखो कोटी म्हणतात. दोन्ही आकडे घड्याळ लावून काढलेले नाहीत हे उघड आहे, पण कोशाचा आकडा मला नेहमी विचारात पाडतो, कारण तो माणसाच्या अनुभवाच्या फार जवळ आहे. आणि थेरवादाच्या विशुद्धिमग्ग या ग्रंथात क्षणावर चित्रच आहे, रथाचं चाक उभं असो की धावत असो, जमिनीला टेकतं ते एकाच बिंदूवर. आयुष्य तेवढंच, एका चित्ताएवढं.

सुरंगी :
म्हणजे माझे साडेतेरा लाख क्षण. आकडा केला आणि उगाच रडू आलं. का ते माहीत नाही.

मंडणगडकर :
जय भीम. ताई, रडू आलं ते बरंच झालं, ते दाबू नका.

मी बौद्ध घरातला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. आमच्याकडे हे प्रश्न पुस्तकातून नाही, मयताच्या घरी येतात. गेल्या पावसात आमची आत्या गेली तेव्हा तिच्या नातीने भन्तेजींना विचारलं की आत्या आता कुठे आहे. त्यांनी तिला मिलिंद राजाची गोष्ट सांगितली, दिवा रात्रभर जळतो, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच का? तीच नाही, आणि वेगळीही नाही. पोरगी पुढे म्हणाली, पण विझला तर? भन्तेजी गप्प बसले आणि मला ते गप्प बसणं फार मोठं वाटलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारलाय, शरीराची मूलद्रव्यं सृष्टीत मिसळतात आणि त्यांच्यातून पुन्हा घडण होते असा अर्थ घेतलाय. सौत्रांतिकांची कायेतली ऊब वाचताना मला तेच आठवलं.

मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आपल्या कोकणाने या विषयावर एक अख्खं सुत्त दिलंय आणि आपल्यातल्या कितीजणांना ते ठाऊक नाही. बाहिय दारुचीरिय. जहाज फुटून तो सुप्पारकाच्या किनाऱ्याला लागला, सुप्पारक म्हणजे आपलं सोपारा, जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि जिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अंगावर लाकडाच्या साली बांधून राहायचा, लोक अर्हत, म्हणजे मुक्त झालेला पुरुष, समजून पुजायला लागले आणि त्यालाही तसं वाटायला लागलं. मग कळलं की आपण तसे नाही, तेव्हा उठून थेट श्रावस्ती गाठली. बुद्ध भिक्षेला निघालेले, दोनदा म्हणाले ही वेळ नाही, तिसऱ्यांदा तो म्हणाला आयुष्याचा भरवसा नाही, तुमच्याही आणि माझ्याही, आत्ताच सांगा. रस्त्यात उभं राहून सांगितलं, पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं, जाणलेल्यात फक्त जाणलेलं, मग तू तिथे नाहीस, इथे नाहीस, मधेही नाहीस. तो तिथेच मुक्त झाला आणि थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईने त्याला मारलं.

'मधेही नाहीस' हे मी शंभरदा ऐकलंय. तुमचा धागा वाचल्यावर पहिल्यांदा कानाला लागलं. तुम्ही मधले पाच तास शोधताय. बाहियाला सांगितलं की मधे तू नाहीसच, आणि अलीकडे पलीकडेही नाहीस. मग हरवलेले पाच तास कोणाचे?

अनुस्मृती :
मंडणगडकर, मला मुद्दा मान्य नाही पण प्रतिसाद परत परत वाचतोय. वाचनखूण साठवली.

सुरंगी :
मंडळी, चार दिवस लिहिलं नाही कारण एक नवीनच गोष्ट कळली आणि ती कशी लिहावी सुचत नव्हतं.

ओटी यांनी वर लिहिलं होतं ना की माणूस जागा असतो, बोलतो पण आठवत नाही, ते डोक्यात राहिलं होतं. परवा ह्यांना सहज विचारलं की मला बाहेर आणलं तेव्हा मी कशी होते. हे म्हणाले, तू तीन वाजल्यापासूनच बोलत होतीस की. साडेतीनला पुरती शुद्धीवर आलीस, पण त्याआधी अर्धा तास डोळे मिटून सारखी एकच गोष्ट विचारत होतीस, भरती लागली का. मी उत्तर दिलं की गप्प व्हायचीस आणि थोड्या वेळाने परत तेच.

आमचं माहेर धोपाव्याला, दाभोळच्या खाडीकाठी. फेरीबोट नव्हती तेव्हा लहान होडीतून पलीकडे जायचं, आणि घरातून निघताना पायात चप्पल घालायच्या आधी आजी हाच प्रश्न विचारायची. मी तो कित्येक वर्षांत उच्चारलेला नाही.

म्हणजे साडेदहा आणि साडेतीन यांच्यामधे मी मोकळं समजत होते तिथे कोणीतरी होतं, प्रश्न विचारत होतं, आणि तांडेलदादा, तुमच्या हिशोबाने पाहिलं तर प्रश्न बरोबर होता, पाणी चढतच होतं. त्या अर्ध्या तासाला मी माझा म्हणू की नको? आठवण नाही म्हणून सोडून द्यावा तर तो प्रश्न माझ्या आजीचा होता, दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलाच नसता. आणि माझा म्हणावा तर मी तिथे नव्हते.

खाडीपलीकडे :
ताई, आता माझ्याकडे पटकन द्यायला उत्तर नाही. सौत्रांतिक म्हणतील बी शरीरात होतं आणि वरची माती पुरती ओली व्हायच्या आत कोंब आला. योगाचार म्हणतील हीच वासना, म्हणजे चित्तावरचा ठसा, आजीच्या बोलण्याने लहानपणी पडलेला, आलयातून वर आलेला. दोघांनाही 'मी' लागत नाही. पण ज्या चित्ताने तो प्रश्न विचारला त्याला त्या वेळी उत्तर ऐकू येत होतं का, हे मला जाणून घ्यायला आवडेल. गप्प व्हायचीस असं ते म्हणाले ना?

सुरंगी :
हो, तेच विचारलं मी ह्यांना. उत्तर मिळालं की दर वेळी मी गप्प व्हायचे म्हणे. एकदा तर हे म्हणाले, हो लागली, पाणी पायरीपर्यंत आलंय, आणि मी उठून बसायला लागले, नर्सने धरलं.